लाईनीवर कुणीतरी हाय

आमचे शेजारी किसनराव सोनकांबळे कंप्यूटरचा जुना भाग घेण्याआधी तो कानाला लावतात. आंबा नाकाला लावावा, नारळ कानाशी हलवावा, एवढं आपण सगळेच करतो. हे गृहस्थ हार्ड डिस्क कानाशी धरतात, डोळे मिटतात आणि दुकानदाराला हातानेच गप्प बसवतात. बंद डिस्कला कसला आलाय आवाज, असं विचारायची सोय नाही. अर्ध्या मिनिटाने निकाल लागतो. निकाल दोनच. एक, "लाईन साफ हाय." दुसरा, "लाईनीवर कुणीतरी हाय." दुसरा लागला की तो भाग फुकट मिळत असला तरी काका तो खाली ठेवतात आणि हात पँटीला पुसतात.

नांदेडला आमच्या कॉलनीत त्यांना एक्स्चेंज काका म्हणतात, कारण सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात काढली. आधी उदगीर, मग चाकूर, शेवटी नांदेड. चाकूरची लाईन खरखरायची, लोह्याची शीळ घालायची, असं ते गावच्या माणसांबद्दल सांगावं तसं सांगतात. एकदा मला म्हणाले, "टीचर, मयतीचा फोन असला ना, की माणूस बोलायच्या आधी लाईन थंड पडायची. कानाला गार लागायचं. मी जोडून द्यायच्या आधीच समजायचो." मी म्हटलं, काका, चहा घ्या. मला असल्या गोष्टी ऐकायला आवडतात, पण संध्याकाळ व्हायच्या आत.

मी लोह्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. रोज जीपने जाते, जीपने येते. एकटी राहते. माझं घर आणि काकांचं घर यांत एकच भिंत आहे आणि बिल्डर धर्मात्मा असल्यामुळे ती भिंत नावालाच आहे. काकांच्या घरात काय शिजलंय ते मला फोडणीच्या आवाजावरून कळतं.

मी राहायला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊला त्या भिंतीतून आवाज आला. एक लांब शिटी, मग दोन आखूड. टूऽऽ, टू, टू. थोडा वेळ शांतता. मग काकांचा आवाज, अगदी हळू, "हाव बाई, शोधून राहिलो. शोधून राहिलो ना."

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. घरात काकांशिवाय कुणी नव्हतं, हे मला समोरच्या पवार वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी वहिनींना विचारलं, रोज सकाळी काका कुणाशी बोलतात? वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी आवाज खाली आणला. "बायको लेकरू लहान असतानाच गेली त्यांची. मग पोरगी होती एक." "होती", म्हणाल्या. त्यांनी पुढची जुडी ओढली आणि मीही विचारलं नाही. त्या दिवसापासून नऊच्या सुमारास मी मुद्दाम मिक्सर लावायला लागले.

आता माझं. चाळिशी आली की लोक दागिना करतात, नाहीतर कुलदैवताला जाऊन येतात. मला गेमिंग कंप्यूटर घ्यायचा होता. कॉलेजात असल्यापासून घ्यायचा होता. स्टाफरूममध्ये सांगितलं तर हेडमास्तर म्हणाले, "भाच्यासाठी का?" मी हो म्हणून टाकलं. मला भाचा नाही. बजेट मास्तरकीचं, त्यामुळे सगळं नवं घेणं शक्य नव्हतं. महिनाभर व्हिडिओ बघून मी एक यादी केली आणि ती घेऊन काकांकडे गेले, कारण कॉलनीत, कॉलनीबाहेर, पार देगलूरपर्यंत कुणालाही स्वस्तात मशीन जुळवायचं असलं की लोक काकांनाच गाठतात. काका एक रुपया घेत नाहीत. अट एकच, जुना भाग आधी त्यांना दाखवायचा. ते तो ऐकणार, मग उलटा करून खिशातल्या भिंगातून त्याची पाठ बघणार. जळाल्याची खूण बघत असतील, असं सगळे समजायचे.

काकांनी माझी यादी वाचली. "टीचर, तुमी कॅबिनेट सगळ्यात वर लिव्हलंय."

"छान आहे ना ते? रंगीत दिवे आहेत."

"आधी जीव, मग अंगरखा." त्यांनी कॅबिनेट खोडून तळाला लिहिलं. "दिवे दिवाळीला लावा. आन् हे एसएमपीएस, करंट देणारं, इतकं हलकं कामून? सोयरिकीत बी असंच करत्यात लोक. पोराचा फोटो बघत्यात, घर कोण चालवतंय ते इचारत न्हाईत. ह्यो डबा म्हणजे घरातला कमावता माणूस. त्याचा फोटो कुणी काढत न्हाई, पर तो बसला की घर बसलं. ह्यो नवा घ्यायचा, भारी घ्यायचा. प्रोसेसर जुना चालंल, त्याला म्हातारपण लवकर येत न्हाई. कार्ड जुनं घ्यावं लागंल, पर मला इचारल्याबिगर न्हाई."

मी मान डोलवत होते, पण माझं लक्ष त्यांच्या पाठीमागे होतं. हीच ती भिंतीपलीकडची खोली. टेबलावर एक कंप्यूटर, बाजूचा पत्रा काढलेला, पोट उघडं. समोर फिरती खुर्ची, तिच्या हातावर टांगलेला हेडफोन. खुर्चीवर धुळीचा कण नव्हता. काका स्वतः लाकडी स्टुलावर बसले होते. मी त्या खुर्चीवर टेकायला गेले तर म्हणाले, "तिथं नगं." रागाने नाही, आत कुणी झोपलंय म्हणून सांगावं तसं.

मशीनच्या प्रत्येक भागावर जांभळ्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका होता. पंख्यावर, डिस्कवर, रॅमच्या पट्टीवर. मधली एक खाच तेवढी मोकळी होती. भिंतीवर बुद्धाचं चित्र, त्याखाली दोन फोटो. एक बाईंचा, त्याला हार. दुसरा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा, दोन वेण्या, हसू दाबलेलं. त्याला हार नव्हता. घालायला हात धजला नसेल, असं मला वाटलं. पवार वहिनींचं ते "होती" आठवलं. मी यादी घेतली आणि उठले.

पुढचे दोन महिने रविवारच्या सकाळी आम्ही जावेदभाईंच्या दुकानात काढले. जावेदभाई जुने भाग विकतात आणि काकांना घाबरतात. एकदा काकांनी एक डिस्क उचलली, कानाला लावली आणि म्हणाले, "ह्याला कुणीतरी चालता चालता उपटलंय. रागानं."

जावेदभाईंचा हात कॅल्क्युलेटरवरच थांबला. "चाचा, लानेवाला यहीच बोला. बाप ने वायर खींच के निकाला बोल के." त्यांनी ती डिस्क आमच्यासमोर ड्रॉवरमध्ये टाकली, ड्रॉवरला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. एका पंख्याचा काकांनी वास घेतला आणि तो वसमतकडचा आहे, धूळ हळदीची आहे, म्हणून सांगितलं. तो वसमतचाच निघाला. "चाचा, माल को कान नक्को लगाओ," जावेदभाई हात जोडायचे, "गिऱ्हाईक डरता."

बाकी सगळं जमलं. एसएमपीएस नवा, भारी, दिसायला कुरूप. मदरबोर्डाला काकांनी आपल्याजवळचा एक चिमुकला स्पीकर लावला, "मशीन मुकं नसावं, त्याला काय दुखलं तर सांगता याय पायजे" म्हणून. अडलं ते पडद्यावर चित्र आणणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर. आठ कार्डं झाली. काका पाठ बघायचे, कानाला लावायचे आणि खाली ठेवायचे. लाईनीवर कुणीतरी हाय. आठव्यांदा मला राग आला. मी म्हटलं, असू दे ना काका कुणी असलं तर, मला तेवढीच सोबत होईल. काका हसले नाहीत.

मग मी स्वतःच कार्ड आणलं. लातूरकडे एक रीत आहे. दहावीचा निकाल लागला, पोर हुशार निघालं, की त्याला डॉक्टर करायला लातूरच्या क्लासला घालतात आणि जून उजाडायच्या आत घरातला कंप्यूटर विकतात. अख्खा कुणी घेत नाही, सुटे भाग करून विकतात. चाकूरच्या एका गृहस्थांची जाहिरात मी मोबाईलवर बघितली आणि शाळा सुटल्यावर जाऊन आले. त्यांनी कार्ड टॉवेलात गुंडाळून दिलं, दुखणं द्यावं तसं. "आमीबी जुनंच घेतलेलं. पर चालतंय," म्हणाले, "आता दोन वरीस हे घरात नको."

शनिवारी दुपारी काका माझ्याकडे जोडणीला आले. कार्ड त्यांना न विचारता आणलंय हे सांगताना मी बरीच वाक्यं जुळवली होती, पण ते ऐकूनच घेईनात. कानाला लावायलाही त्यांनी नकार दिला. "आणलंय तर आणलंय. बसवा तुमीच." मी ते खाचेत दाबलं. काकांनी बटण दाबलं.

पंखे सुरू झाले. कार्डाचा डावा पंखा फिरायच्या आधी अडखळला. टक. टक-टक. मग सुरळीत फिरायला लागला.

काकांचा हात बटणावरच राहिला. त्यांनी डोळे मिटले नव्हते, उलट मोठे केले होते. मी वाट बघत होते, दोनपैकी एक निकाल येईल म्हणून. आलाच नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ठेवा टीचर. वयस्कर हाय, पर चांगलं हाय." आणि चहा न घेता गेले. त्यांचा स्क्रूड्रायव्हर माझ्या टेबलावरच राहिला. तो माणूस स्वतःचा चष्मा विसरेल, पण तो पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर त्याने आजवर कुठे सोडला नव्हता.

ते गेल्यावर मी मशीन बंद केलं, कार्ड बाहेर काढलं आणि उलटं केलं. काळ्या पाठीवर कोपऱ्यात जांभळा ठिपका होता.

खरं सांगते, मला घाम फुटला. मी गणिताची बाई आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण ज्या पोरीच्या खुर्चीवर मला बसू दिलं नव्हतं, तिची वस्तू आता माझ्या मांडीवर होती. आठ कार्डं नाकारली तेव्हा त्यांना नेमकं काय ऐकू आलं होतं आणि आज काय ऐकू आलं, हे डोक्यातून जाईना. मी कार्ड नॅपकिनमध्ये गुंडाळलं आणि देव्हाऱ्याजवळ ठेवलं. मग ते तिथे बरं वाटेना म्हणून फ्रिजवर ठेवलं.

रविवारी सकाळी नऊला भिंतीतून शिटी आली. एक लांब, दोन आखूड. पण त्यानंतरचं "शोधून राहिलो" आलं नाही. मी मिक्सर लावला नव्हता. मी भिंतीला कान लावून उभी होते, आणि पलीकडे नुसती शांतता होती.

दुपारी साडेतीनला मी कार्ड आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन काकांच्या दारात गेले.

"हे तुमचं आहे," मी म्हटलं.

काकांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. कार्डाकडे बघितलंही नाही. "न्हाई टीचर. चालत्या मशीनचा भाग मागायचा न्हाई. दुसऱ्याच्या घरात लागलेला दिवा हाय त्यो. माझा नेम हाय."

"काका, तुम्ही मागत नाही, मी देते आहे. माझ्याच्याने हे घरात ठेववणार नाही. गेलेल्या पोरीची वस्तू आहे, मला झोप लागली नाही."

काकांनी चमकून बघितलं. "कोण गेलंय?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. मग ते खाली स्टुलावर बसले आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. "प्रज्ञा? अवो, डॉक्टर हाय ती. तिकडं मद्रासकडं, मोठ्या दवाखान्यात. चार वाजता फोन येईल आता. दर रविवारी येतो."

मी फोटोला नमस्कार केला नव्हता, एवढीच माझी अब्रू शिल्लक होती. पण खरं तर माझ्या अंगावर काटा तेव्हा आला. मेलेल्या माणसाची खोली अशी ठेवणारे मी पाहिले आहेत. जिवंत माणसाची अशी खोली मी पहिल्यांदाच बघत होते.

काकांचं हसू हळूहळू आटलं. "दहावीच्या बोर्डाला शाळेतून पैली आली. हे मशीन तिनं एकेक भाग धुंडून जुळवलं होतं, आठवीपासून. शिष्यवृत्तीच्या पैशात. कुठला भाग कुठं स्वस्त, वहीच होती तिची. मला काय कळत नव्हतं त्यातलं, तीच शिकवायची. आन् मी लातूरला नेऊन एका दुपारी सुटं सुटं करून इकलं. लोक म्हणले, इका. मी इकलं." त्यांनी स्क्रूड्रायव्हर हातात फिरवला. "रडली न्हाई, भांडली न्हाई. हा स्क्रूड्रायव्हर तिनंच आणून दिला मला, खोलायला. आदल्या दिवशी प्रत्येक भागाला रंग लावला. म्हणली, ओळखू याय पायजे."

"मग?"

"मग डॉक्टर झाली. मी म्हणलं तसं झालं सगळं. फोन करती, पैसे धाडती, एक रविवार चुकला न्हाई. जेवले म्हणती, ड्यूटी हाय म्हणती, ठेवते म्हणती. टीचर, मी जिंदगीभर लाईन ऐकली. तिचा आवाज येतो. पर लाईनीवर कुणी नसतं."

त्या मशीनचा मदरबोर्ड त्यांना उदगीरच्या एका पिठाच्या गिरणीत सापडला होता, डिस्क देगलूरच्या फोटो स्टुडिओत, कुणी न पुसता तशीच पडलेली. कॅबिनेट निलंग्याला मिळालं तेव्हा त्यात कोंबडी खुडूक बसली होती, पिल्लं निघेपर्यंत काका थांबले. गावोगावची मशीनं फुकट जुळवून द्यायची, म्हणजे गावोगावचे जुने भाग आपल्या डोळ्यांखालून जातात. नऊ वर्षं त्यांनी हेच केलं होतं. रोज सकाळी बटण दाबायचं, आणि कार्ड नाही म्हणून मशीन शिट्या मारायचं, एक लांब, दोन आखूड. त्याला ते उत्तर द्यायचे.

मी उठले आणि कार्ड त्या मोकळ्या खाचेत बसवलं. काकांनी एकदा नको म्हणून हात पुढे केला, पण तो हात अर्ध्यातच राहिला. स्क्रू मात्र त्यांनीच आवळला. त्याला बराच वेळ लागला.

बटण दाबलं. टक. टक-टक. मग एकच आखूड शिटी.

"एकच," काका म्हणाले. पडदा उजळला. त्यावर तिचं नाव आलं.

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी तो स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला.

"बाबा, जेवले मी," प्रज्ञाचा आवाज आला. सपाट, थकलेला. "आज ड्यूटी आहे."

काकांनी बटण दाबून धरून मशीन बंद केलं, फोन उघड्या पत्र्यापाशी सरकवला, आणि परत चालू केलं.

टक. टक-टक. मग एक आखूड शिटी.

"ड्यूटी आहे" यानंतर "ठेवते" यायचं असतं, ते आलं नाही. काका वाकून फोनजवळ कान नेऊन उभे होते आणि माझ्याकडे न बघता त्यांनी बोट वर केलं, हलू नका म्हणून. मला काही ऐकू येत नव्हतं. त्यांना येत असावं.

"लाईनीवर कुणीतरी हाय," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले.

"बाबा." आवाज बदलला होता, लहान झाला होता. "डावा पंखा आहे त्यो. तवाच म्हणलं होतं ना मी, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा म्हणून."

"हाव बाई," काका म्हणाले. "कुठंय तेल?"

"आईच्या मशीनच्या खणात. निळी कुपी. बघा आसंल आजून."

काका आतल्या खोलीत गेले. खण ओढल्याचा आवाज आला, काहीतरी खाली पडलं, रीळ घरंगळत दारापर्यंत आलं. फोनमधून प्रज्ञा तिकडून सांगत होती, उजव्या हाताला, पार मागं, बाबा, मागं. तिला कळलंही नव्हतं की खोलीत मी आहे. मी चप्पल घातली आणि दार ओढून घेतलं.

घरी येऊन मी माझ्या मशीनचं बटण दाबलं. एक लांब शिटी, दोन आखूड. मी म्हटलं, हो बाई, शोधते. भिंतीपलीकडे काका बोलत होते, मधेच ऐकत होते, परत बोलत होते. घड्याळात साडेपाच वाजले तरी फोन चालूच होता.